राजे बदलले, सीमा तीच राहिली : यानोश हुन्यादीची राजसेवा

दुपारचे बारा वाजले की गोव्यातील कित्येक गावांत चर्चची घंटा वाजते. या माध्यान्हीच्या घंटेशी युरोपातील एका किल्ल्याची आणि तो राखणाऱ्या एका सरदाराची आठवण निगडित आहे. जून १४५६ मध्ये ऑटोमन सुलतान दुसरा महंमद बेलग्रेडवर चालून येत असताना पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी सर्व चर्चमध्ये दुपारच्या वेळी घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा आदेश काढला. तो आदेश विजयाचा नव्हता. संकटाच्या घडीला केलेली ती याचना होती. पुढे महिनाभरात बेलग्रेड वाचले आणि लोकांच्या मनात त्या घंटेचा अर्थ बदलला. हंगेरीत ती आजही बेलग्रेडच्या विजयाची घंटा मानली जाते.

तो किल्ला वाचवणाऱ्या सेनापतीचे नाव यानोश हुन्यादी. एका साध्या दरबारी शिपाईगड्याचा हा मुलगा राजसेवेच्या बळावर हंगेरीचा राज्यप्रतिनिधी झाला. मात्र ज्या राजासाठी त्याने अनेक वर्षे राज्य सांभाळले, त्याच राजाच्या आज्ञेने हुन्यादीच्या मृत्यूनंतर अवघ्या सात महिन्यांत त्याच्या थोरल्या मुलाचा शिरच्छेद झाला. मध्ययुगीन राजसेवेने माणसाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, याचा हिशेब या एका आयुष्यात जवळजवळ पूर्ण मांडलेला दिसतो.

एक सनद, एक किल्ला

हुन्यादी घराण्याचा लिखित इतिहास १८ ऑक्टोबर १४०९ च्या एका सनदेपासून सुरू होतो. हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याने आपल्या दरबारातील वॉयक नावाच्या वीराला ट्रान्सिल्व्हेनियातील हुन्याद हा किल्ला आणि त्याखालची गावे इनाम दिली. वॉयक हा डॅन्यूब नदीच्या उत्तरेकडील वालाकिया प्रांतातून आलेला. सनदेत त्याच्याबरोबर त्याच्या भावांची आणि लहानग्या यानोशचीही नावे आहेत. यानोश तेव्हा दोन-तीन वर्षांचा असावा. घराण्याला आडनाव मिळाले ते या किल्ल्यावरून.

पुढे यानोशची भरभराट पाहून तो सिगिस्मुंडचाच अनौरस पुत्र असल्याची कुजबुज पसरली. तिला पुरावा नाही. मात्र तिच्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. जुन्या खानदानी उमरावांना बाहेरून आलेल्या शिपाईगड्याच्या मुलाचे मोठेपण पचत नव्हते आणि राजरक्ताशिवाय त्या मोठेपणाचा उलगडा त्यांना करता येत नव्हता.

प्रत्यक्षात तो उलगडा साधा होता. यानोशने तरुणपण एकामागून एक मोठ्या सरदारांच्या पदरी चाकरी करण्यात घालवले आणि १४३० च्या सुमारास तो राजाच्या खास सेवेत आला. सिगिस्मुंडबरोबर तो इटलीत गेला. मिलानच्या ड्यूकपाशी, फिलिप्पो मारिया व्हिस्कोंतीपाशी, त्याने दोन वर्षे शिपाईगिरी केली. पगारी फौज कशी उभारावी आणि कशी राबवावी, हे तेथे त्याला जवळून पाहता आले. नंतर राजाबरोबर तो बोहेमियात गेला. तेथील हुसपंथी शेतकऱ्यांनी लढाईची एक वेगळीच रीत काढली होती. जाडजूड फळ्यांचे गाडे साखळ्यांनी एकमेकांना जोडून ते रणांगणात चालता-फिरता तट उभा करीत आणि त्याच्या आडून बंदुका व लहान तोफा चालवीत. चिलखती घोडेस्वारांचा हल्ला या गाड्यांपुढे हतबल होई. हे तंत्र हुन्यादीने आत्मसात केले आणि पुढे तुर्कांविरुद्ध ते हुकमी शस्त्रासारखे वापरले.

राजाचे कर्ज, सरदाराची जहागीर

हुन्यादीची संपत्ती कशी वाढली, हे समजून घेतल्याखेरीज त्याची कारकीर्द उमगत नाही. सिगिस्मुंड हा जर्मनीचा राजा, पुढे सम्राट आणि हंगेरीचाही राजा. त्याच्या मोहिमा आणि दरबार अफाट खर्चाचे होते आणि खजिना मात्र सदैव रिकामा असे. पैसा लागला की तो राजघराण्याची गावे सरदारांकडे तारण ठेवी. १४३४ मध्ये हुन्यादीने त्याला १२०० सुवर्ण फ्लोरिन कर्जाऊ दिले आणि बदल्यात एक जहागीर तारण घेतली. असे व्यवहार पुढील राजांच्या काळातही होत राहिले. कर्ज फिटत नसे आणि जमीन सावकाराकडेच राही.

राजाच्या ओढगस्तीवर सरदार मोठा झाला, असे यावरून म्हणता येईल. परंतु या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. दक्षिण सीमेवर तुर्कांचे छापे वर्षागणिक वाढत होते आणि तेथील किल्ल्यांवरील शिपायांना पगार देण्याची ऐपत राजाकडे नव्हती. ती जबाबदारी सीमेवरच्या अधिकाऱ्यावर येई आणि त्याने ती स्वतःच्या मिळकतीतून भागवावी, अशी अपेक्षा असे. हुन्यादीने ती भागवली. अखेरीस त्याच्याकडे दोन डझन किल्ले आणि हजाराच्या घरात गावे होती. देशात त्याच्याएवढा मोठा जमीनदार दुसरा नव्हता. ते उत्पन्न मोठ्या प्रमाणात भाडोत्री फौजेच्या पगारावर खर्ची पडत होते.

१४३७ मध्ये सिगिस्मुंड वारला. त्याचा जावई आल्बर्ट गादीवर आला आणि १४३९ मध्ये त्याने हुन्यादीला सेव्हेरिनचा बान, म्हणजे दक्षिण सीमेवरील त्या टापूचा अधिकारी नेमले. अधिकारपद मिळाले, पण काही महिन्यांतच आल्बर्टही अतिसाराने मरण पावला. त्याची राणी एलिझाबेथ तेव्हा गरोदर होती.

पाळण्यातला राजा की परका राजा?

फेब्रुवारी १४४० मध्ये राणीला मुलगा झाला. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या या मुलाचे नाव लादिस्लास. राणीने आपल्या विश्वासू दासीकरवी विशेग्राडच्या किल्ल्यातून राजमुकुट पळवून आणला आणि तीन महिन्यांच्या बाळाचा राज्याभिषेक उरकला. परंतु अनेक उमरावांना पाळण्यातला राजा नको होता. तुर्क दाराशी असताना तलवार धरणारा राजा हवा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी पोलंडचा तरुण राजा व्लादिस्लाव याला बोलावले आणि यादवी पेटली.

हुन्यादीने व्लादिस्लावचा पक्ष घेतला. वारसाहक्काच्या दृष्टीने ही निवड वादग्रस्त होती. सीमेच्या दृष्टीने ती स्वाभाविक होती. १४४१ च्या आरंभी त्याने आणि मिक्लोश उयलाकी या सरदाराने राणीच्या सैन्याचा पराभव केला. नव्या राजाने दोघांना मिळून ट्रान्सिल्व्हेनियाचे व्होइव्होद केले. आपल्याकडील सुभेदारीशी या पदाची तुलना करता येईल. बेलग्रेडचा किल्लाही त्यांच्या ताब्यात आला. सावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या संगमावरचे बेलग्रेड म्हणजे हंगेरीचा दक्षिण दरवाजा होता.

मार्च १४४२ मध्ये मेझिद बेगाच्या फौजेने ट्रान्सिल्व्हेनियात मुसंडी मारली. पहिल्या चकमकीत हुन्यादी हरला आणि त्याच्याबरोबरचे बिशप ड्यर्ड लेपेश ठार झाले. काही दिवसांतच त्याने विखुरलेली माणसे गोळा करून मेझिदला गाठले. त्या लढाईत बेग मारला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात सुलतानाने शहाबुद्दीन पाशाला त्याहून मोठे सैन्य देऊन पाठवले. हुन्यादीने त्याचाही यालोमित्सा नदीकाठी धुव्वा उडवला. हरल्यावर खचून न जाता लगेच उलटून वार करणे ही त्याची खासियत या वर्षी प्रथम दिसली.

१४४३ च्या शरदात राजा व्लादिस्लावसह हंगेरियन सैन्य डॅन्यूब ओलांडून बाल्कन प्रदेशात उतरले. इतिहासात ही लांब मोहीम म्हणून ओळखली जाते. हुन्यादी आघाडीवर होता. नीश पडले, सोफिया पडले. अखेर डिसेंबरच्या बर्फात झ्लातित्साच्या खिंडीत तुर्कांनी वाट रोखली आणि सैन्य परतले. परततानाही पाठलागावर आलेल्या फौजेवर उलटून त्यांनी सुलतानाच्या मेहुण्याला कैद केले. ऑटोमनांना त्यांच्याच मुलखात इतक्या आतपर्यंत कोणी गाठल्याचे त्या पिढीने पाहिले नव्हते.

मोडलेली शपथ

त्या वेळचा सुलतान दुसरा मुराद. हा मुराद दख्खनच्या इतिहासाला अगदीच परका नाही. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसूफ आदिलखान हा याच मुरादचा मुलगा होता आणि बालपणी त्याला गुपचूप देशाबाहेर काढण्यात आले, अशी कथा फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. बहुतेक अभ्यासक ती खरी मानत नाहीत. तरीही पोर्तुगीजांपूर्वी ज्यांची सत्ता गोव्यावर होती, त्या घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाते या सुलतानाशी जोडले गेले, एवढा त्याच्या नावाचा दबदबा होता.

आशिया मायनरमधील बंडाळीमुळे मुरादला युरोपात शांतता हवी होती. १४४४ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांचा तह ठरला. त्यात सर्बियाचा अधिपती ड्युराड ब्रान्कोविच याला त्याचे राज्य परत मिळाले. त्याच्या हंगेरीतील काही जहागिरी हुन्यादीकडे आल्या. तह झाला म्हणून मुराद बारा वर्षांच्या महंमदाकडे राज्य सोपवून निवृत्त झाला.

इकडे पोपचे दूत कार्डिनल चेझारीनी तह मोडण्यासाठी आग्रह धरून बसले होते. ख्रिस्ती आरमार सामुद्रधुनी अडवील आणि मुरादला आशियातून युरोपात येताच येणार नाही, असा त्यांचा भरवसा होता. विधर्मीयाला दिलेली शपथ बंधनकारक नाही, असेही सांगितले गेले. राजा वळला आणि हुन्यादीही वळला. त्याला बल्गेरियाच्या राज्याचे आश्वासन मिळाले होते, असे म्हणतात. ते खरे असो वा नसो, राजाला रोखू शकेल असा वजनदार माणूस तोच होता आणि त्याने रोखले नाही. त्याच्या कारकिर्दीवरील हा सर्वांत मोठा डाग होय.

आरमाराला सामुद्रधुनी रोखता आली नाही. मुराद परतला आणि १० नोव्हेंबर १४४४ रोजी काळ्या समुद्राकाठी वार्ना येथे दोन्ही सैन्ये भिडली. तुर्कांची संख्या कितीतरी अधिक होती. तरीही दिवसाचा बराच वेळ हुन्यादीने दोन्ही बगला सावरून धरल्या. आपण परत येईपर्यंत जागा सोडू नये, असे त्याने राजाला बजावले होते. वीस वर्षांच्या राजाला धीर निघाला नाही. थोड्याशा स्वारांनिशी तो थेट सुलतानाच्या छावणीवर, जानिसारी पायदळावर तुटून पडला आणि मारला गेला. राजाचे शिर भाल्यावर चढले तशी फौज फुटली. चेझारीनीही त्या पळापळीत संपले. हुन्यादी जेमतेम निसटला. वालाकियातून जाताना तेथील राजा व्लाद द्राकुल याने त्याला काही काळ अटकेतही ठेवले.

गादी रिकामी, कारभार चालू

राजा मेला आणि दुसरा राजा, लहानगा लादिस्लास, जर्मन सम्राट होणाऱ्या तिसऱ्या फ्रेडरिकच्या ताब्यात होता. फ्रेडरिक त्याला सोडायला तयार नव्हता. अखेर जून १४४६ मध्ये उमरावांच्या सभेने हुन्यादीला राज्यप्रतिनिधी निवडले. त्याच्या अधिकारांना मर्यादा होत्या. ठरावीक प्रमाणापेक्षा मोठी जमीन तो कोणाला इनाम देऊ शकत नव्हता. ज्या मुलाविरुद्ध तो एकेकाळी लढला, त्याच मुलाच्या नावाने आता त्याला कारभार हाकायचा होता. तो त्याने सहा वर्षांहून अधिक काळ हाकला.

हा काळ यशाचा नव्हता. वार्नाचे उट्टे काढण्यासाठी ऑक्टोबर १४४८ मध्ये तो कोसोव्होच्या मैदानात उतरला. अल्बानियाचा स्कंदरबेग मदतीला येणार होता. तो वेळेवर पोहोचू शकला नाही. अनेक दिवस चाललेल्या त्या लढाईत हुन्यादीचा दारुण पराभव झाला. परततीच्या वाटेवर ब्रान्कोविचने त्याला पकडून कैदेत टाकले. ज्याच्या जहागिरी आपण घेतल्या, त्याच्याच हाती सापडण्याची वेळ आली. सुटकेसाठी एक लाख फ्लोरिनची खंडणी कबूल करावी लागली आणि थोरला मुलगा लास्लो ओलीस ठेवावा लागला. उत्तरेत यान यिस्क्रा या चेक सेनापतीने राणीपक्षाच्या नावाने धरून ठेवलेला मुलूखही त्याला कधी पूर्ण जिंकता आला नाही.

१४५२ मध्ये फ्रेडरिकने लादिस्लासला सोडले. बारा वर्षांचा राजा परत येताच, १४५३ च्या आरंभी हुन्यादीने राज्यप्रतिनिधीपद खाली ठेवले. देशातील सर्वांत मोठी फौज आणि सर्वांत मोठी जमीन हाती असलेल्या माणसाने हे करावे, ही साधी गोष्ट नव्हती. राजाने त्याला सरसेनापती नेमले, खजिन्याचा कारभार त्याच्याकडे ठेवला आणि बेस्तेर्त्सेचा वंशपरंपरागत काउंट हा किताब दिला. हंगेरीत असा वंशपरंपरागत किताब याआधी कोणाला मिळाला नव्हता. पण राजाच्या कानाशी आता राजमातेचा मामेभाऊ, त्सेल्येचा काउंट उलरिख, बसला होता. या म्हाताऱ्या सेनापतीची ताकद राजाला धोक्याची आहे, असे तो त्याला पटवीत होता.

बेलग्रेड, १४५६

मे १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले. वार्नाच्या वेळी बारा वर्षांचा असलेला महंमद आता एकवीस वर्षांचा विजेता होता आणि त्याचे पुढचे लक्ष्य बेलग्रेड होते. जुलै १४५६ च्या आरंभी त्याने वेढा घातला. प्रचंड तोफांचा मारा रात्रंदिवस सुरू झाला आणि डॅन्यूबवर तुर्की गलबते साखळ्यांनी जोडून नदी बंद करण्यात आली. किल्ल्यात हुन्यादीचा मेहुणा मिहाय सिलाजी काही हजार माणसांनिशी होता.

राजा आणि उलरिख बुडा सोडून व्हिएन्नाला निघून गेले होते. मोठे उमराव घरी बसले. हुन्यादीने स्वतःच्या खर्चाने फौज उभी केली. त्याला साथ मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. सत्तर वर्षांचे फ्रान्सिस्कन संन्यासी जॉन कापिस्त्रानो गावोगाव प्रवचने करीत फिरत होते. त्यांच्या शब्दावर हजारो शेतकरी, कारागीर आणि विद्यार्थी कोयते, विळे, काठ्या घेऊन निघाले. त्यांना शिस्त नव्हती, चिलखते नव्हती. जमेची बाजू एवढीच की ते आले होते.

१४ जुलै रोजी हुन्यादीने होड्यांचा ताफा प्रवाहाबरोबर सोडून साखळी तोडली आणि किल्ल्यात माणसे व धान्य पोहोचवले. २१ जुलैच्या संध्याकाळी महंमदाने अंतिम हल्ला चढवला. तटाला खिंडारे पडली होती आणि जानिसारी शहरात शिरले. रात्रभर हातघाईची लढाई झाली. रक्षकांनी गंधकात भिजवलेल्या काटक्या पेटवून खंदकात फेकल्या; त्या आगीत मागून येणारे तुर्क अडकले आणि आत शिरलेले एकाकी पडले. सकाळी किल्ला हंगेरियनांच्याच हाती होता.

कोणीही बाहेर पडू नये, असा हुन्यादीचा सक्त हुकूम होता. दुपारी मात्र काही शेतकरी शिपाई हुकूम मोडून बाहेर निघाले, त्यांच्यामागे आणखी गेले. त्यांना परत बोलावणाऱ्या कापिस्त्रानो यांनीच शेवटी त्यांचे नेतृत्व केले. संधी दिसताच हुन्यादीनेही आपले स्वार बाहेर काढले आणि तुर्कांच्या तोफा ताब्यात घेऊन त्यांच्यावरच उलटवल्या. वार्नात हुकूम मोडला गेला तेव्हा राजा गेला होता. येथे हुकूम मोडला गेला आणि लढाई जिंकली. सुलतान जखमी झाला आणि रात्रीच्या अंधारात त्याची फौज माघारी फिरली.

विजयाचा आनंद तीन आठवडेही टिकला नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत छावणीत साथ पसरली आणि ११ ऑगस्ट १४५६ रोजी बेलग्रेडसमोरच्या झेमुन येथे हुन्यादी मरण पावला. कापिस्त्रानो यांनाही ऑक्टोबरात मृत्यूने गाठले. ट्रान्सिल्व्हेनियातील आल्बा युलियाच्या कॅथेड्रलमध्ये हुन्यादीचे दफन झाले.

चाकरीचा मोबदला

सरसेनापतीपद आता उलरिखकडे गेले. नोव्हेंबरात तो राजासह बेलग्रेडला आला, तेव्हा लास्लो हुन्यादीच्या माणसांनी त्याला ठार मारले. भेदरलेल्या राजाने हुन्यादीच्या विधवेला, एर्झेबेत सिलाजीला, सूड न घेण्याचे शपथपूर्वक वचन दिले. मार्च १४५७ मध्ये दोन्ही भाऊ बुडात असताना त्याने त्यांना अटक केली आणि १६ मार्च रोजी लास्लोचा शिरच्छेद केला. तीन घाव बसूनही तो उठून उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे मिळणारी माफी नाकारून चौथा घाव घातला गेला, असे लोक सांगत आले आहेत.

त्या कथेपेक्षा ठळक आहे ते पुढे घडलेले. एर्झेबेत आणि तिचा भाऊ मिहाय सिलाजी यांनी बंड पुकारले. राजा धाकट्या मात्यासला कैदी म्हणून बरोबर घेऊन देश सोडून गेला आणि नोव्हेंबर १४५७ मध्ये प्राग येथे सतराव्या वर्षी मरण पावला. त्याला मूल नव्हते. जानेवारी १४५८ मध्ये उमरावांनी चौदा वर्षांच्या मात्यासला राजा निवडले. बापाने कधीही न मागितलेला मुकुट मुलाच्या डोक्यावर आला आणि त्याने तो बत्तीस वर्षे वाहिला.

बेलग्रेड त्यानंतर पासष्ट वर्षे टिकले. १५२१ मध्ये सुलेमानाने ते घेतले, तेव्हा किल्ल्याच्या मदतीला धावून जाणारा हुन्यादी नव्हता. पाच वर्षांनी मोहाचच्या मैदानात हंगेरीचे राज्यच कोसळले.

आज हुन्यादचा किल्ला रोमानियात आहे आणि बेलग्रेड सर्बियाची राजधानी आहे. हंगेरियन लोक त्याला यानोश म्हणतात, रोमानियन यांकु, आणि सर्ब लोकगीतांत तो सिबिन्यानिन यांको या नावाने येतो. तिघेही त्याला आपलाच मानतात. झेमुनच्या टेकडीवर एक बुरूज उभा आहे. तो १८९६ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ४४० वर्षांनी बांधला गेला. त्याच्याशी हुन्यादीचा काही संबंध नाही, तरीही तेथील लोक त्याला यांकोचा बुरूज म्हणूनच ओळखतात.